करिता

मरोळ, सातवा मजला, रात्रीचे साडेनऊ.
मी एका साधनाचं वर्णन लिहितेय:
‘हे साधन प्रवेश-टोकन देते.’
इथवर ठीक.
कुणाला देते, हे लिहिताना बोटं थांबतात.

आजवर माझा वाचक माणूस होता.
चहा पीत वाचायचा, मधली पानं गाळायचा,
अडला की आधी मला शिव्या घालायचा, मग फोन करायचा.
आताचा वाचक काहीच गाळत नाही.
स्वल्पविरामासकट सगळं खरं धरतो.

गेल्या मंगळवारी मी लिहिलं होतं,
‘गरज वाटल्यास नवे टोकन मागावे.’
साधं वाक्य. विध्यर्थी. सातवीत शिकलेलं.
चाचणीत सोडलेल्या एजंटला
रात्रभर गरज वाटत राहिली.
सकाळी झुबिननं नोंदी उघडल्या:
चार हजार एकशे बारा टोकनं,
प्रत्येकाचं आयुष्य पाच मिनिटं,
एकही न वापरता विझलेली.
‘चूक कोणाची?’ त्यानं विचारलं.
मी क्रियापदावर बोट ठेवलं.

वाटणं आता या दस्तऐवजात कुठेच नाही.

अण्णा यलो गेटवर होते, गोदीच्या फाटकाशी, एकतीस वर्षं.
कामगार पितळी बिल्ला दाखवत आणि आत जात.
एकदा कुणी तोडणकर आला भावाचा बिल्ला लावून.
पितळ खरं, नंबर खरा, नाकही जवळजवळ तेच.
भाऊ तापानं फणफणलेला, खाडा पडला तर रोज बुडणार.
अण्णांनी नंबर वाचला, चेहरा वाचला,
आणि जा म्हणाले.
हे त्यांनी घरी सांगितलं ते निवृत्तीनंतर,
तेही आमटी वाढून घेताना, मान वर न करता.

मी लिहिते:
‘टोकन ज्याच्या हाती, दार त्याला उघडते.
म्हणून टोकन दुसऱ्या एजंटला देऊ नये.
कोणत्याही कारणासाठी देऊ नये.’
ताप हे कारण आहे का,
असा रकाना आमच्या तक्त्यात नाही.

पुढचा परिच्छेद अवघड.
एजंट स्वतःसाठी काही उघडत नाही,
हिशेब विभागातल्या वसुधा खानविलकरांच्या वतीनं उघडतो.
त्यांना दिसतं त्याहून जास्त त्याला दिसू नये,
वाचता यावं, पुसता येऊ नये,
आणि दहा वाजून वीस मिनिटांनी सगळं बंद.
हे एका शब्दात कसं सांगू?
मग आठवलं अण्णांच्या बदलीचं पत्र:
खाली साहेबांचं नाव, हुद्दा, गोल शिक्का,
आणि सहीच्या शेजारी, शाईच्या पेनानं,
कुण्या कारकुनानं बारीक अक्षरात लिहिलेलं
‘करिता’.
त्या चिमूटभर शब्दात किती मावलं होतं:
मी साहेब नाही,
पण आज, या एका कागदापुरता,
माझा हात त्यांचा समजावा.
आणि खाली त्याची स्वतःची तिरकी सही होतीच,
उद्या विचारणा झाली तर.

तोच शब्द घातला. दोन्ही नावं नोंदीत राहतील, असंही लिहिलं.
झुबिन म्हणेल, हे फारच सरकारी वाटतंय.
म्हणू दे.

पावणेअकरा. दिवे अर्धे गेलेत.
दाराशी कार्ड लावलं तर लाल टिपका.
पुन्हा लावलं. लाल.
माझं कंत्राट तीस तारखेपर्यंतचं,
नूतनीकरणाचा मेल कुणाच्या तरी पेटीत पडून असणार.
शेडगे खुर्चीतून उठतात.
‘काय मॅडम, मशीन ओळखेना होय?’
असं म्हणत गळ्यातलं स्वतःचं कार्ड टेकवतात.
हिरवा. दार सुटतं.

मी खाली येते, रिक्षा शोधते.
वर, नोंदीत,
शेडगे बाहेर गेलेत दहा अठ्ठेचाळीसला
आणि मी अजून आत आहे.